लव्ह इन द टाइम ऑफ कॉलरा : कादंबरीतील शोकात्म दुय्यम स्त्री-व्यक्तिरेखा

‘लव्ह इन द टाइम ऑफ कॉलरा’ ही कोलंबियाचे नोबेल पारितोषिकविजेते लेखक गाब्रिएल गार्सिया मार्केस (१९२७–२०१४) यांची स्पॅनिश कादंबरी १९८५ साली प्रसिद्ध झाली. फ्लोरेन्तिनो आरिसा हा तारायंत्र कचेरीतील तरुण फेर्मिना दासा या शाळकरी मुलीच्या प्रेमात पडतो, नाकारला जातो आणि अर्ध्या शतकाहून अधिक काळ तिची वाट पाहतो, ही तिची मुख्य कथा. या प्रतीक्षेच्या काळात त्याच्या आयुष्यात अनेक स्त्रिया येतात. त्यांपैकी ओलिम्पिया सुलेता हिची हत्या होते, आमेरिका विकुन्या आत्महत्या करते आणि सारा नोरिएगा म्हातारपणी वेड्यांच्या इस्पितळात पोहोचते. नायिकेची आत्या एस्कोलास्तिका हिला या प्रेमात मदत केल्याबद्दल घर सोडावे लागते. या व्यक्तिरेखांना कादंबरीत थोडीच पाने मिळाली आहेत. तथापि कादंबरीतील प्रेमाचे मूल्यमापन त्यांना वगळून करता येत नाही. प्रस्तुत लेख त्यांच्याविषयी आहे.

कादंबरी आणि तिचे शीर्षक

कथानक कॅरिबियन समुद्राकाठच्या एका जुन्या बंदरात घडते. लेखकाने शहराचे नाव दिलेले नसले, तरी वर्णन बव्हंशी कार्ताहेना या शहराला जुळते. काळ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९३० च्या दशकापर्यंतचा. पटकीच्या साथी, यादवी युद्धे आणि माग्दालेना नदीवरील आगबोटींची वाहतूक ही त्याची पार्श्वभूमी. तारायंत्रावर काम करणारा प्रियकर, विरोध करणारा वधूपिता आणि मुलीला दूर नेणारा लांबचा प्रवास हे धागे लेखकाने आपल्या आईवडिलांच्या प्रेमकथेतून घेतले. त्यांचे वडील गाब्रिएल एलिहिओ गार्सिया तारायंत्र कचेरीत नोकरीस होते. मात्र खऱ्या आयुष्यात त्या दोघांचे लग्न झाले आणि अर्धशतकाची प्रतीक्षा ही केवळ कादंबरीची निर्मिती आहे.

मूळ शीर्षकातील ‘कोलेरा’ या स्पॅनिश शब्दाला दोन अर्थ आहेत. पुल्लिंगी वापरला तर पटकीचा रोग, स्त्रीलिंगी वापरला तर संताप. शीर्षकात तो पुल्लिंगी, म्हणजे रोगाच्या अर्थी आला आहे. पण स्पॅनिश वाचकाच्या कानाला दुसरा अर्थही ऐकू येतो. मराठीतील ‘पटकी’ हा शब्द शिव्याशापांत असला तरी त्यात संतापाची ही छटा नाही. कादंबरीत प्रेम आणि रोग यांची लक्षणे एकमेकांत मिसळतात. प्रेमपत्राच्या उत्तराची वाट पाहताना फ्लोरेन्तिनोला उलट्या-जुलाब होतात आणि त्याच्या आईला मुलाला पटकीच झाली असे वाटते. हा प्रसंग वाचकाच्या लक्षात राहतो, कारण तो विनोदी आहे. परंतु साथीच्या रोगाचा आणखी एक गुणधर्म असतो : तो ज्याला होतो त्याच्यापुरता राहत नाही. दुय्यम स्त्रियांच्या कथा वाचताना शीर्षकाचा हा भाग ध्यानात ठेवणे उपयुक्त ठरते.

मुख्य कथेचा सारांश थोडक्यात असा. फेर्मिनाच्या घरी तिचा बाप लोरेन्सो दासा याला आलेली तार पोहोचवण्यास फ्लोरेन्तिनो जातो आणि तेथे ती त्याच्या दृष्टीस पडते. त्या वेळी ती तेरा वर्षांची असते. पुढे पत्रव्यवहार होतो, लग्नाचे वचन दिले जाते, बाप तिला दूरच्या प्रवासास नेतो आणि त्या प्रवासातही ठिकठिकाणच्या तारायंत्र कचेऱ्यांतून फ्लोरेन्तिनो तिच्याशी संपर्क राखतो. परतल्यावर बाजारात त्याला जवळून पाहताच तिचा भ्रम एका क्षणात ओसरतो आणि हाताच्या एका हालचालीने ती त्याला दूर करते. पुढे ती डॉ. हुवेनाल उर्बिनो या प्रतिष्ठित वैद्याशी विवाह करते. पेंटेकॉस्टच्या रविवारी आंब्याच्या झाडावर बसलेला पोपट पकडताना शिडीवरून पडून डॉक्टरांचा मृत्यू होतो आणि ५१ वर्षे, ९ महिने व ४ दिवसांच्या प्रतीक्षेनंतर फ्लोरेन्तिनो विधवा फेर्मिनापुढे आपल्या प्रेमाचा पुनरुच्चार करतो. त्या वेळी तो ७६ वर्षांचा व ती ७२ वर्षांची असते.

वह्यांतील स्त्रिया

प्रतीक्षेच्या काळात फ्लोरेन्तिनोने ब्रह्मचर्य पाळलेले नाही. आपल्या दीर्घकाळ टिकलेल्या संबंधांची नोंद तो वह्यांत करतो. अशा सुमारे २५ वह्या भरतात, त्यांत ६२२ नोंदी असतात आणि क्षणिक भेटी त्याने मोजलेल्याच नाहीत. तरीही तो स्वतःला फेर्मिनाशी एकनिष्ठ समजतो. शरीराचे संबंध आणि हृदयाची निष्ठा यांचे हिशेब वेगळे ठेवता येतात, हा त्याचा विश्वास. निवेदक त्याला कोठेही थेट खोडून काढत नाही. म्हणूनच परीक्षेच्या उत्तरात ‘एकनिष्ठ प्रेमाची अमर कथा’ असे लिहून मोकळे होणे सोपे जाते. कादंबरी मात्र त्या वह्यांतील काही नावांपाशी थांबते आणि पुढे काय झाले तेही सांगते.

या संबंधांचा प्रारंभ फ्लोरेन्तिनोच्या बाजूनेही सुखाचा नाही. नदीवरील बोटीतून प्रवास करीत असताना अंधारात एक अनोळखी स्त्री त्याला आपल्या खोलीत ओढून घेते आणि क्षणभरात बाहेर घालवते. ती रोसाल्बा नावाची सहप्रवासी असावी, असा तो तर्क करतो. खात्री मात्र होत नाही. यानंतर त्याच्या आयुष्यात नाझारेथची विधवा म्हणून ओळखली जाणारी स्त्री येते. १८८५ मध्ये बंडखोर सेनापती रिकार्दो गाइतान ओबेसो याने शहराला वेढा दिला असता तिचे घर तोफगोळ्याने उद्ध्वस्त होते आणि ती फ्लोरेन्तिनोच्या घरी आश्रयाला येते. मुलाचे दुःख हलके व्हावे म्हणून त्याची आई ट्रान्सितो आरिसा तिला त्याच्याच खोलीत झोपण्यास पाठवते. जवळजवळ तीस वर्षे त्यांच्या भेटी अधूनमधून चालू राहतात. ती मरण पावते तेव्हा दानधर्माच्या पैशावर तिचा दफनविधी होण्याची वेळ येते. फ्लोरेन्तिनो तो खर्च स्वतः करतो आणि अंत्ययात्रेत तो एकटाच असतो. त्याच्या बाजूने ही गोष्ट नोंदवून ठेवली पाहिजे.

आउसेन्सिया सान्तान्देर, प्रुदेन्सिया पित्रे आदी स्त्रियांची चित्रे विनोदी आणि प्रसन्न आहेत. आउसेन्सियाच्या घरी दोघे रममाण असताना चोर घरातील सारे सामान उचलून नेतात. दोन नवऱ्यांना पोहोचवून आलेली प्रुदेन्सिया गावात ‘दोघांची विधवा’ म्हणून ओळखली जाते. या स्त्रियांच्या बाबतीत देवघेव सारखी आहे आणि त्या आपल्या इच्छेच्या मालकिणी आहेत. कादंबरीतील सगळ्याच दुय्यम स्त्रिया बळी आहेत असे म्हणणे अतिव्याप्तीचे होईल. याउलट, नोंदवह्यांपलीकडे एका घरकाम करणाऱ्या मुलीची गोष्ट काही ओळींत येऊन जाते : फ्लोरेन्तिनोपासून तिला दिवस जातात, तिच्याकडून दुसऱ्याच एका निरपराध तरुणाचे नाव वदवून घेतले जाते आणि त्या तरुणाला तिच्याशी विवाह करणे भाग पडते. या मुलीला कादंबरीत नाव नाही.

सारा नोरिएगा ही चाळिशीकडे झुकलेली शिक्षिका. ती नागरिकशास्त्र व शिष्टाचार शिकवते आणि कविता लिहिते. कवितास्पर्धेच्या एका समारंभात, जेथे फेर्मिना पारितोषिके वाटत असते, तेथे तिची व फ्लोरेन्तिनोची भेट होते. विवाहाच्या आठवडाभर आधी वाग्दत्त वराने तिला सोडलेले असते. त्या घटनेनंतर आपले जीवन आपणच चालवायचे, असा निश्चय तिने केलेला आहे. पुढे दोघे मिळून लिहिलेली कविता स्पर्धेत नाकारली जाते, तेव्हा ती फेर्मिनाला दोष देते आणि प्रेमावाचून श्रीमंत घरात लग्न करणारीला कठोर विशेषण लावते. संबंध तुटण्यास तेवढे पुरे होते. फ्लोरेन्तिनोच्या नोंदवहीत कोणतीही स्त्री काहीही असू शकते. केवळ फेर्मिनाविषयी वावगा शब्द काढण्याची मुभा कोणाला नाही. उतारवयात सारा दिव्य मेंढपाळिणीच्या नावाने चालणाऱ्या वेड्यांच्या इस्पितळात दाखल होते आणि तेथे अश्लील कविता म्हणू लागते. इतर रुग्णांचे वेड वाढू नये म्हणून तिला वेगळे ठेवावे लागते. लेखक हे एका वाक्यात, विनोदाच्या सुरात सांगतो. तो विनोद कितपत हसण्याजोगा आहे हे वाचकावर सोडलेले आहे.

ओलिम्पिया सुलेता

ओलिम्पिया ही विवाहित स्त्री, कबुतरे पाळणारी. वादळी वाऱ्यात तिची छत्री उलटते आणि फ्लोरेन्तिनो आपल्या गाडीतून तिला घरी पोहोचवतो, तेथे ओळखीचा आरंभ होतो. पुढे कबुतरांच्या पायांना बांधलेल्या निनावी चिठ्ठ्यांचा खेळ चालतो. पहिल्या भेटीनंतर जवळजवळ सहा महिन्यांनी दोघे रंगरंगोटीसाठी धक्क्यावर लागलेल्या एका बोटीच्या खोलीत एकत्र येतात. जवळच तांबड्या रंगाचा डबा असतो. फ्लोरेन्तिनो बोट त्यात बुडवून तिच्या पोटावर एक बाण काढतो आणि तिच्या देहावर आपला मालकी हक्क सांगणारे शब्द लिहितो. त्याच रात्री त्या अक्षरांची आठवण न राहिल्याने ती पतीसमोर वस्त्रे उतरवते. पती एक शब्दही बोलत नाही. तो दाढीचा वस्तरा आणतो आणि तिचा गळा चिरतो.

या प्रसंगाची घडण बारकाईने पाहण्यासारखी आहे. पतीने तिच्यावर मालकी सांगितली, ती मृत्यूच्या रूपाने. प्रियकराने सांगितली, ती थट्टेच्या रूपाने. दोघांनीही एकाच देहावर आपली खूण केली. त्यांच्या कृतींतील अंतर अर्थातच फार मोठे आहे आणि ते पुसून टाकण्याचे कारण नाही. पण वस्तरा चालला तो त्या अक्षरांच्या वाटेने, हेही पुसता येत नाही. फरार झालेला पती काही दिवसांनी पकडला जातो आणि हत्येचे कारण वृत्तपत्रांना सांगतो, तेव्हा फ्लोरेन्तिनोला सारे कळते. पुढे अनेक वर्षे तो त्या कैद्याच्या शिक्षेचा हिशेब मनात ठेवतो, कारण बोटींच्या व्यवहारामुळे तो माणूस त्याला ओळखत असतो. परंतु त्याला वस्तऱ्याचे किंवा लोकनिंदेचे भय तितके नसते. आपल्या प्रतारणेची वार्ता फेर्मिनाच्या कानी जाईल, हे त्याचे खरे भय. मेलेल्या स्त्रीबद्दलचा शोक या हिशेबात मागे पडतो.

त्याचा शोक दुसऱ्या वाटेने येतो. ट्रान्सितो आरिसा वारल्यावर तिच्या थडग्याजवळच ओलिम्पियाचे थडगे आहे, हे फ्लोरेन्तिनोच्या ध्यानात येते. त्यावर शिळा नसते. ओल्या सिमेंटमध्ये बोटाने तिचे नाव आणि तारीख कोरलेली असतात. बोटाने देहावर लिहिणाऱ्या माणसासमोर बोटाने लिहिलेले थडगे येते आणि हीदेखील त्या पतीचीच रक्तरंजित थट्टा असावी, अशा विचाराने तो हादरतो. आईच्या थडग्यावर त्याने गुलाबाचे झाड लावलेले असते. त्याचे फूल, आसपास कोणी नसताना, तो ओलिम्पियाच्या थडग्यावर ठेवतो आणि पुढे त्याच झाडाची फांदी तेथे लावतो. दोन्ही झुडपे अनावर फोफावतात, दफनभूमीला लोक ‘गुलाबांची दफनभूमी’ म्हणू लागतात, आणि एक नगराध्यक्ष एका रात्रीत ती सारी झुडपे काढून टाकून वेशीवर नवे सरकारी नाव लावतो. पश्चात्तापाचा उच्चारही जेथे चोरून करावा लागतो, तेथे त्याचे चिन्ह असे गावभर पसरते. कादंबरीतील सर्वांत सुंदर प्रतिमांपैकी ही एक, आणि ती एका खून झालेल्या स्त्रीच्या थडग्यावर उगवलेली आहे.

लेओना कास्सियानी

लेओनाचा उल्लेख येथे करणे आवश्यक आहे, जरी तिचा शेवट शोकात्म नाही. खेचरे ओढत असलेल्या ट्राममध्ये फ्लोरेन्तिनो या कृष्णवर्णी तरुणीला वेश्या समजतो. तिला मात्र नोकरी हवी असते. नदी वाहतूक कंपनीत अगदी तळाच्या कामापासून ती वर चढते आणि फ्लोरेन्तिनोची उन्नतीही बव्हंशी तिच्या चातुर्याने घडते. निवेदक तिला त्याच्या आयुष्यातील खरी स्त्री म्हणतो, जी ओळख त्या दोघांनाही पटलेली नसते. उशिरा तो तिच्यापुढे इच्छा व्यक्त करतो आणि ती शांतपणे नकार देते.

लेओनाच्या पूर्वायुष्यात एक बलात्कार आहे. कोवळ्या वयात धक्क्यावर एका अनोळखी माणसाने तिच्यावर अत्याचार केला होता. त्याचा चेहरा तिने पाहिला नाही, आणि ती पुढे त्याला शोधत राहते, ती सूडासाठी नव्हे, प्रेमासाठी. येथे कादंबरी अत्यंत वादग्रस्त भूमीवर पाऊल ठेवते. बलात्काराचे रूपांतर आयुष्यभराच्या ओढीत करणे हे लेखकाच्या काळातील पुरुषी कल्पनारंजन आहे, असा आक्षेप घेतला जातो आणि तो टाळता येण्यासारखा नाही. लेओनाची व्यक्तिरेखा अन्यत्र इतकी समर्थ आहे की हा भाग तिच्यावर बाहेरून चिकटवलेला वाटतो.

आमेरिका विकुन्या

फ्लोरेन्तिनोच्या शेवटच्या स्त्रीचे वय चौदा वर्षांचे आहे. आमेरिका विकुन्या पुएर्तो पाद्रे या कोळ्यांच्या गावातून सरकारी शिष्यवृत्ती घेऊन शिक्षिका होण्यासाठी शहरात येते. फ्लोरेन्तिनो तिचा दूरचा नातेवाईक असल्याने कुटुंबाने त्याला तिचा पालक नेमलेले असते. शनिवार-रविवारी तिला वसतिगृहातून घेऊन जाण्याची मुभा त्याला मिळते. सर्कस, बागेतील फिरणे, आइस्क्रीम अशा मुलांच्या करमणुकींनी तो वर्षभर तिचा विश्वास मिळवतो आणि नंतर तिचे लैंगिक शोषण करतो. दोघांच्या वयात साठ वर्षांहून अधिक अंतर आहे. आजच्या वाचकाला येथे दुसरा शब्द वापरता येणार नाही. निवेदक मात्र हे संबंध मुलीच्या दृष्टीने खेळ आणि प्रेम, तर वृद्धाच्या दृष्टीने मरणाआधीची शांतता म्हणून रंगवतो. फ्लोरेन्तिनोने पहिल्यांदा पाहिली तेव्हा फेर्मिनाही तेरा वर्षांचीच होती. परंतु तेव्हा तो स्वतःही कोवळा तरुण होता. येथे तो वृद्ध आहे आणि आमेरिकेचा पालकही आहे.

पेंटेकॉस्टच्या रविवारी डॉ. उर्बिनोंच्या मृत्यूची घंटा वाजते तेव्हा फ्लोरेन्तिनो आमेरिकेसोबत असतो. फेर्मिनाकडे जाण्याचा मार्ग मोकळा होताच तो तिला दूर करतो आणि आपण लग्न करणार असल्याचे सांगतो. तिला ती थट्टा वाटते. पुढे तिला त्याने टंकलेखन यंत्रावर लिहिलेल्या पत्रांच्या प्रती आणि फेर्मिनाची पत्रे सापडतात. सारा उलगडा तिला स्वतःच होतो. त्याने तो करून दिलेला नसतो. वर्गात पहिली असलेली ती शेवटच्या क्रमांकावर घसरते आणि शाळेकडून तसा इशारा येतो. पालक या नात्याने फ्लोरेन्तिनोने तिच्या आईवडिलांना कळवायला हवे होते. अपराधी भावनेमुळे तो ते करीत नाही, आणि आपल्यालाच जबाबदार धरेल या रास्त भीतीने तिच्याशी बोलतही नाही. एका शाळकरी मुलीच्या खचण्याच्या वेळी तिच्या जवळचा एकमेव मोठा माणूस गप्प राहिला, असा याचा अर्थ. विद्यार्थ्यांत वावरलेल्या कोणालाही हा प्रसंग त्या वस्तऱ्याच्या प्रसंगाहून हलका वाटणार नाही.

शेवटी फ्लोरेन्तिनो व फेर्मिना नदीवर एकत्र प्रवासास निघतात. बोटीचे नाव ‘नवी निष्ठा’ या अर्थाचे आहे. प्रवासात नारे बंदरावर लेओना कास्सियानीची तार येते : आमेरिका विकुन्या मरण पावली, कारण अज्ञात. फ्लोरेन्तिनो स्वतः तारायंत्रावर बसून लेओनाशी संदेशांची देवाणघेवाण करतो. तारायंत्र कचेरीतील नोकरीनंतर इतक्या वर्षांत त्याने असे केलेले नव्हते. अकरा वाजेपर्यंत त्याला सारे कळते : अंतिम परीक्षेत नापास झाल्याच्या निराशेने तिने शाळेच्या दवाखान्यातून चोरलेली लॉडेनमची, म्हणजे अफूच्या अर्काची बाटली पिऊन जीव दिला. अंतःकरणात तो जाणतो की ही हकीकत अपुरी आहे. कोणाला दोष देणारी चिठ्ठी तिने ठेवलेली नाही, हेही त्याला कळते. त्यानंतर जिवंत राहण्यासाठी आपण त्या आठवणीला थारा द्यायचा नाही, असे तो ठरवतो. ती अधूनमधून जुन्या व्रणासारखी ठसठसते, एवढीच दखल निवेदक घेतो. बोट पुढे जाते आणि प्रेमकथा आपल्या सुखी शेवटाकडे वळते.

तारेने ज्याच्या प्रेमाचा आरंभ झाला, तारेनेच ज्याने दूरच्या प्रवासात प्रेयसीला गाठले, त्याच्या हाती शेवटी त्याच यंत्रातून एका मुलीच्या मृत्यूचे शब्द येतात आणि ते त्याला स्वतःच्याच बोटांनी विचारावे लागतात. ही जुळणी योगायोगाची नसून लेखकाने जाणीवपूर्वक केली असावी. मुख्य प्रेमकथेचे सर्व साहित्य, म्हणजे तार, पत्रे, शाळकरी मुलगी आणि प्रतीक्षा, आमेरिकेच्या कथेत उलट्या क्रमाने पुन्हा येते. फक्त प्रतीक्षा करणारी व्यक्ती बदलते आणि तिला अर्धे शतक मिळत नाही.

प्रेमकथेच्या कडेच्या स्त्रिया

फेर्मिनाची आत्या एस्कोलास्तिका हिने तरुण प्रेमिकांच्या पत्रव्यवहाराला आश्रय दिलेला असतो. शाळेत वर्ग चालू असताना प्रेमपत्र लिहिताना फेर्मिना पकडली जाते आणि शाळेतून काढली जाते. लोरेन्सो दासा शिक्षा देतो ती बहिणीला : तिला घराबाहेर घालवले जाते. फेर्मिना तिचा शोध घेते, पण ठाव लागत नाही. जवळजवळ तीस वर्षांनी एक उशिरा पोहोचलेले पत्र सांगते, की ती आग्वा दे दिओस येथील कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत वारली. हे स्थळ वास्तव असून कोलंबियात कुष्ठरुग्णांना सक्तीने वेगळे ठेवण्यासाठी ते प्रसिद्ध होते. ज्या प्रेमाला पुढे पूर्ण विजय मिळतो, त्याची पहिली किंमत या अविवाहित, आश्रित बाईने भरली आहे.

कादंबरीच्या आरंभीचा प्रसंगही याच साखळीत बसतो. डॉ. उर्बिनोंचा बुद्धिबळातील सोबती, मुलांची छायाचित्रे काढणारा जेरेमिया द सेंट-आमूर, साठाव्या वर्षी वृद्धत्व टाळण्यासाठी सायनाइडच्या वाफांनी आत्महत्या करतो. त्याची गुप्त सखी गरीब वस्तीत राहते. तिला त्याचा निश्चय ठाऊक असतो आणि तो तिने मोडलेला नसतो. डॉक्टर तिच्यावर संतापतात. तिने आपल्या प्रियकरासाठी जो एकांत सहन केला, त्याला समाजात नाव नाही. डॉक्टरांच्या आयुष्यातही पुढे बार्बरा लिंच हिच्याशी संबंध येतो. तो संपतो तेव्हा त्याची व्यथा डॉक्टरांच्या आणि फेर्मिनाच्या बाजूने सविस्तर येते. बार्बराच्या बाजूने फारशी येत नाही.

कायदा आणि समाज

या स्त्रियांची परिस्थिती कादंबरीच्या काळातील कायद्याशी जोडून पाहिली पाहिजे. कोलंबियाच्या १८९० च्या दंडसंहितेत व्यभिचाराच्या प्रसंगी पकडलेल्या पत्नीची पतीकडून झालेली हत्या निर्दोष मानली जाई. ओलिम्पियाचा पती कायद्याच्या या चौकटीत बसत नाही, कारण त्याने तिला त्या प्रसंगी पकडलेले नव्हते आणि म्हणूनच तो तुरुंगात जातो. परंतु आपल्या कृत्याचे कारण तो वृत्तपत्रांना मोकळेपणाने सांगू शकतो, ते याच समजुतीच्या बळावर. विवाहित स्त्रीला स्वतःच्या मालमत्तेची व्यवस्था पाहण्याचा अधिकार १९३२ च्या २८ क्रमांकाच्या कायद्याने मिळाला. स्त्रियांना मतदानाचा अधिकार १९५४ मध्ये मिळाला आणि तो प्रत्यक्षात वापरता आला १९५७ मध्ये. कादंबरीत विधवा इतक्या मोकळ्या आणि आनंदी का, याचे एक उत्तर येथे मिळते : नवरा गेल्यावरच स्त्री स्वतःच्या नावाने जगू लागे. आमेरिका आणि ओलिम्पिया यांपैकी कोणीही त्या टप्प्यापर्यंत पोहोचत नाही.

समीक्षा

कादंबरीचे स्वागत मोठ्या उत्साहात झाले. एडिथ ग्रॉसमन यांचा इंग्रजी अनुवाद १९८८ साली प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी थॉमस पिंचन यांनी ‘न्यू यॉर्क टाइम्स’मध्ये तिची मनःपूर्वक प्रशंसा केली. मराठी वाचकाची या कृतीशी ओळख बहुधा ग्रॉसमन यांच्या अनुवादातूनच होते. पुढील काळात मात्र समीक्षकांचे लक्ष दुय्यम स्त्रियांकडे वळले. एम. कीथ बुकर यांनी १९९३ मधील निबंधात भोळ्या वाचनाविषयी इशारा दिला. कादंबरीची कथनशैली वाचकाला मोहात पाडते आणि फ्लोरेन्तिनोच्या प्रेमाला त्याच्याच मापाने मोजायला लावते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख आहे. स्वतः मार्केस यांनीही वाचकाने आपल्या सापळ्यात अडकू नये, असे सुचवले होते.

आमेरिकेचा प्रश्न लेखकाच्या पुढील लेखनामुळे अधिकच तीव्र झाला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मेमरीज ऑफ माय मेलँकली होअर्स’ या लघुकादंबरीत नव्वद वर्षांचा वृद्ध आणि चौदा वर्षांची मुलगी आहे. जे. एम. कुट्सी यांनी २००६ मध्ये ‘न्यू यॉर्क रिव्ह्यू ऑफ बुक्स’मध्ये त्या पुस्तकाचे परीक्षण लिहिताना आरंभ केला तो आमेरिका विकुन्याच्या कथेपासून. नाबोकॉव्ह यांच्या ‘लोलिता’शी (१९५५) तुलनाही केली जाते. दोन्हींतला एक महत्त्वाचा फरक ध्यानात घ्यावा : ‘लोलिता’ची कथा अपराधी स्वतः सांगतो, त्यामुळे त्याच्यावर अविश्वास ठेवणे वाचकाला अवघड जात नाही. मार्केस यांचा निवेदक त्रयस्थ असूनही फ्लोरेन्तिनोच्या इतक्या जवळ उभा राहतो की त्याच्या शब्दांतील सहानुभूती कोणाची, हे ओळखण्यास वेळ लागतो. लेखकाने हा सापळा रचला की तो स्वतःच त्यात होता, यावर समीक्षकांत एकमत नाही.

चित्रपट

माइक न्यूवेल यांनी दिग्दर्शित केलेला याच नावाचा इंग्रजी चित्रपट २००७ साली प्रदर्शित झाला. पटकथा रोनाल्ड हारवूड यांची असून चित्रीकरण कार्ताहेना येथे झाले. फ्लोरेन्तिनोची भूमिका हाविएर बार्देम यांनी आणि फेर्मिनाची जोव्हाना मेझोजोर्नो यांनी केली. ओलिम्पिया सुलेता आना क्लाउदिया तालान्कोन यांनी, सारा नोरिएगा लॉरा हॅरिंग यांनी, नाझारेथची विधवा आंखी सेपेदा यांनी आणि ट्रान्सितो आरिसा ब्राझीलच्या ज्येष्ठ अभिनेत्री फेर्नांदा मोन्तेनेग्रो यांनी साकारली. आमेरिका विकुन्याच्या भूमिकेत कोलंबियाच्या मार्सेला मार आहेत. त्या प्रौढ अभिनेत्री असल्याने कादंबरीतील चौदा वर्षांची मुलगी पडद्यावर दिसत नाही.